‘क्वांटम सेन्सर्स फॉर फूड सिक्युरिटी’ची पोस्टडॉक घ्यावी का? जरा सविस्तर लिहिते

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात एनव्ही डायमंड मॅग्नेटोमेट्रीवर (हिऱ्यातल्या नायट्रोजनच्या सूक्ष्म दोषाने चुंबकीय क्षेत्र मोजणं) पीएचडी केलीयेस, थिसिस सबमिट झालाय. युरोपातल्या एका विद्यापीठातून ‘क्वांटम सेन्सर्स फॉर फूड सिक्युरिटी’ अशा नावाची दोन वर्षांची पोस्टडॉक (पीएचडीनंतरची संशोधनाची तात्पुरती जागा) ऑफर आलीये. दुसरीकडे एका नावाजलेल्या ग्रुपमध्ये निव्वळ फिजिक्सची जागा मिळेल अशी आशा आहे, पण अजून हातात काही नाही. गाईड म्हणतायत की पहिल्या प्रोजेक्टचं नाव फंडिंगसाठी जुळवलेलं आहे, तिकडे गेलास तर उद्या फिजिक्सवाले तुला आपला मानणार नाहीत. घरी शेती आहे म्हणून मन तिकडेच ओढतंय. आणि शेवटी विचारलंयस, ‘यात खरंच काही आहे, का नुसती हवा आहे?’

माझं सगळं काम याच पट्ट्यातलं. पीएचडी एनव्हीवर, नंतर पोस्टडॉक, आणि आता बरीच वर्षं जर्मनीत अन्न तपासणाऱ्या लोकांबरोबर बसून सेन्सर बनवते, त्यामुळे मनापासून उत्तर देते. वयाने लहान असशील असं धरून अरेतुरे करतेय, चालेल ना.

तुझ्या गाईडचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. नाव फंडिंगसाठी जुळवलेलं असतंच, जगात सगळीकडे असतं. भारतातसुद्धा नॅशनल क्वांटम मिशन एप्रिल २०२३ मध्ये मंजूर झालं, ६,००३.६५ कोटींचं, आणि त्यानंतर किती प्रपोजलांच्या नावात ‘क्वांटम’ आलं ते तू बघतच असशील. पण नावावरून काम खरं का खोटं ते ठरत नाही. ते ठरतं एका प्रश्नावर, आणि हा प्रश्न मी प्रत्येक नव्या प्रोजेक्टला पहिल्या दिवशी विचारते: आज ही गोष्ट मोजताना जी चूक होते, ती नेमकी कुठे होते? डिटेक्टर कमी पडतो म्हणून होते, की नमुना चुकीचा घेतला म्हणून, की मोजायची गोष्ट यादीतच नव्हती म्हणून, की मोजून झालं पण ऐकणारा कोणी नव्हता म्हणून? चूक डिटेक्टरमध्ये असेल तरच आपल्या हिऱ्याचा उपयोग. बाकी तिन्ही ठिकाणी कितीही भारी सेन्सर लाव, शेतकऱ्याच्या किंवा खाणाऱ्याच्या हाती काही पडत नाही. तुझ्या ऑफरमध्ये नेमकं काय मोजायचंय ते तू लिहिलेलं नाहीस आणि सगळं त्यावरच अवलंबून आहे, म्हणून चार वेगवेगळी उदाहरणं घेते, तुझं त्यातल्या कुठल्याशी जुळतं ते बघ.

पहिलं शेंगदाण्याचं, कारण अशा प्रोजेक्टांत अफ्लाटॉक्सिन हटकून असतं. अस्परजिलस फ्लेवस नावाची बुरशी शेंगदाण्यावर, मक्यावर वाढते आणि हे विष तयार करते, लिव्हरचा कॅन्सर करणारं. हा विषय अजिबात खोटा नाही. १९७४ मध्ये राजस्थान-गुजरातच्या सीमेवरच्या आदिवासी भागात बुरशीचा मका खाऊन १०६ माणसं दगावली, केनियात २००४ मध्ये १२५. आपल्याकडे एफएसएसएआय या अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेची मर्यादा प्रक्रियेसाठी जाणाऱ्या शेंगदाण्याला किलोमागे १५ मायक्रोग्रॅम आहे, युरोपात थेट खायच्या शेंगदाण्याला फक्त ४. हे आकडे बघितले की फिजिक्सवाल्याला वाटतं, अरे एवढं कमी मोजायचं म्हणजे इथे क्वांटम पाहिजेच. नाही. हे एलायझाने (अँटिबॉडीवर चालणारी रंगाची चाचणी) मोजता येतं, एलसी-एमएसने (रेणू वेगळे करून वजनावरून ओळखणारं यंत्र) तर आरामात मोजता येतं, हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या शेती संशोधन संस्थेने स्वस्तातलं एलायझा किट कधीच करून ठेवलंय.

अडचण पोत्यात आहे. शेंगदाणा हातात घेऊन दोन डाळी वेगळ्या केल्या ना, की खराब दाण्यात मधल्या फटीत हिरवट-पिवळी बुरशी दिसते, बाहेरून कधीकधी दाणा फक्त थोडा सुरकुतलेला असतो. आणि शेजारचे शंभर दाणे स्वच्छ असतात. एकेका दाण्यात किलोमागे दहा लाख मायक्रोग्रॅम या हिशोबाचं टोकाचं प्रमाण सापडल्याची नोंद आहे. आता गणित कर. दाणा साधारण अर्ध्या ग्रॅमचा, म्हणजे त्या एका दाण्यात ५०० मायक्रोग्रॅम विष. युरोपच्या नियमाप्रमाणे मोठ्या लॉटमधून शंभर ठिकाणांहून थोडं थोडं करून २० किलो नमुना घेतात, त्यात चाळीस हजार दाणे आले. त्यातला एकच दाणा असा निघाला तर अख्ख्या नमुन्याचा आकडा किलोमागे २५, म्हणजे लॉट नापास. आणि कोणी २०० ग्रॅमचीच पुडी बांधून लॅबला पाठवली तर त्यात चारशे दाणे, तो दाणा त्यात यायची शक्यता शंभरात एक. नव्याण्णव वेळा रिपोर्ट स्वच्छ येणार आणि एकदा २,५०० येणार. लॉट तोच. इथे तुझा सेन्सर आजच्यापेक्षा हजारपट बारीक मोजायला लागला तरी त्या नव्याण्णव पुड्यांमध्ये मोजायला काही नाहीच रे.

त्यामुळे प्रोजेक्टमध्ये ‘अफ्लाटॉक्सिनसाठी अल्ट्रासेन्सिटिव्ह क्वांटम सेन्सर’ असं लिहिलं असेल तर पीआयला (प्रोजेक्टच्या प्रमुखाला) विचार की सॅम्पलिंगचं काय ठरवलंय. त्यांच्याकडे उत्तर असेल, म्हणजे समजा ते एकेक दाणा बेल्टवरून सोडून स्कॅन करणार आहेत, तर ती वेगळी गोष्ट, तिथे वेगाचा प्रश्न आहे आणि वेगाने मोजायला चांगला डिटेक्टर खरंच लागतो. उत्तर नसेल तर दोन वर्षांत तुझा पेपर निघेल पण शेंगदाण्याचं काही होणार नाही.

यातच अजून एक खाच आहे, ती केमिस्ट्रीची, आणि फिजिक्सवरून येणाऱ्या माणसाला ती कोणी सांगत नाही. तू तो २०२० चा नेचरमधला युसीएलचा पेपर वाचला असशीलच, नॅनोडायमंड लावलेली लॅटरल फ्लो स्ट्रिप (प्रेग्नन्सी टेस्टसारखी रेघ दाखवणारी पट्टी), एचआयव्हीवर करून दाखवलेली, आणि मॉडेल प्रयोगात नेहमीच्या सोन्याच्या कणांपेक्षा एक लाख पट संवेदनशील. सगळी प्रपोजलं आता तो आकडा घेऊन पुढे जातात. पण ते सँडविच पद्धतीचं काम आहे, विषाणूचा तुकडा मोठा असतो, त्याला दोन्ही बाजूंनी पकडता येतं, जितके पकडले तितका सिग्नल, त्यामुळे अंधारात एक ठिपका शोधण्यासारखं ते मोजमाप होतं. अफ्लाटॉक्सिन बी१ चा रेणू फक्त ३१२ वजनाचा. त्याला दोन बाजूंनी पकडायला जागाच नाही, म्हणून तिथे स्पर्धेची पद्धत वापरतात: विष जितकं जास्त तितकी रेघ फिकी. म्हणजे तुला उजळ रेघेतला किंचितसा फिकेपणा मोजायचाय, आणि तिथे शेवटी अडतं ते अँटिबॉडी त्या रेणूला किती घट्ट धरते त्याच्यावर. लेबल हिऱ्याचं केल्याने लाख पट काही होत नाही, थोडं सुधारतं. पीआयला हा फरक माहीत असला तर माणूस या कामात मुरलेला आहे असं समज.

दुसरं उदाहरण आपल्या घरचं. २०१० मध्ये आपली द्राक्षं युरोपात अडकली होती, क्लोरमेक्वाट क्लोराइड (वेलीची वाढ आवरणारं रसायन) सापडलं म्हणून. नाशिक-सांगलीकडच्या ज्यांची बाग होती त्यांना ते वर्ष विचारू नकोस, किती घरांचं कंबरडं मोडलं. त्या वेळी आपल्याकडे यंत्रं कमी पडली असं काही नव्हतं, तो पदार्थ तपासायच्या यादीतच नव्हता. यादीत घेतला, तपासायला लागले, मार्ग निघाला. ही हकीकत मी प्रत्येक नव्या पोस्टडॉकला सांगते, कारण आपण सेन्सरवाले लोक धरून चालतो की जगातली प्रत्येक चूक ही सिग्नल-टू-नॉइजची चूक आहे. पुण्याला मांजरीला द्राक्ष संशोधन केंद्र आहे, तिथे रेसिड्यूची (मालात उरलेल्या औषधांच्या अंशांची) राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा आहे, जायच्या आधी सुट्टीत एक दिवस वेळ मागून तिथल्या लोकांशी बोलून ये. रोज नमुने कसे येतात, कुठे उशीर होतो, कुठल्या गोष्टीला त्यांच्याकडे आज उत्तर नाही, हे त्यांच्या तोंडून ऐकलेलं तुला पुढे दोन वर्षं पुरेल.

तिसरं पाण्याचं. फूड सिक्युरिटी म्हटलं की खरं तर हे पहिलं यायला पाहिजे, कारण पीक पाण्यावर. कोल्ड अ‍ॅटम ग्रॅव्हिमीटर (अतिथंड अणूंनी गुरुत्वाकर्षण मोजणारी यंत्रं) आता लॅबच्या बाहेर पडलेत हे खरं आहे, एक तर एटना ज्वालामुखीवर २०२० पासून बसवलेला होता, आणि बर्मिंगहॅमच्या ग्रुपने २०२२ मध्ये क्वांटम ग्रॅडिओमीटरने (दोन जागांमधला गुरुत्वाकर्षणाचा फरक मोजणारं यंत्र) रस्त्याखालचा बोगदा शोधून दाखवला. गुरुत्वाकर्षणावरून भूजल मोजता येतं हेही सिद्ध झालेलं आहे, ग्रेस उपग्रहांच्या मोजमापावरून २००९ मध्ये दाखवलं गेलं की वायव्य भारतात, म्हणजे पंजाब-हरियाणा-राजस्थान पट्ट्यात, ऑगस्ट २००२ ते ऑक्टोबर २००८ मध्ये १०९ घन किलोमीटर भूजल संपलं. ते उपग्रह क्वांटम नव्हते बरं का, जोडीतले दोघं एकमेकांमधलं अंतर मायक्रोवेव्हने मोजत होते. पण त्यांना दिसतं ते शेकडो किलोमीटरच्या तुकड्यांत, तालुका दिसत नाही, म्हणून गुरुत्वाकर्षण मोजणारे क्वांटम सेन्सर अवकाशात न्यायची तयारी नासा आणि युरोप दोघांची चाललीये. हे दीर्घ पल्ल्याचं चांगलं काम आहे.

पण कोणी म्हणालं की असा ग्रॅव्हिमीटर घेऊन मराठवाड्यात गावोगाव भूजल मोजू, तर वही काढून बस. एक मीटर जाडीचा पाण्याचा थर सुमारे ४२ मायक्रोगॅल (गुरुत्वाकर्षणातला बारीक फरक मोजायचं एकक) देतो. आपला काळा बसाल्ट, त्याच्या फटींत पाणी किती धरतो, साधारण एक ते तीन टक्के. दोन धरले तर विहिरीची पातळी अख्खा एक मीटर खाली गेली तरी फरक पडतो ०.८ मायक्रोगॅलचा. आणि मशीन ठेवायची जागा एक सेंटिमीटर वरखाली झाली तर ३ मायक्रोगॅलचा फरक पडतो. म्हणजे गावातल्या विहिरीत टेप सोडणारा माणूस तुझ्यापेक्षा अचूक आणि स्वस्त. तेच पंजाबच्या गाळाच्या मातीत दहा-पंधरा टक्के धरतात, तिथे मीटरमागे चार ते सहा मायक्रोगॅल मिळतात, तिथे बोलण्यासारखं काहीतरी आहे. सेन्सर तोच, जागा बदलली की कामाचा होतो किंवा बिनकामाचा होतो, आणि हे कळायला भूगर्भशास्त्राचं एक पुस्तक पुरतं, क्रायोस्टॅट लागत नाही.

चौथं वनस्पतींचं चुंबकत्व. हेही तुला ऑफरमध्ये दिसेल, ‘पिकाचा ताण चुंबकीय सिग्नलवरून ओळखणे’ वगैरे. २०२१ मध्ये व्हीनस फ्लायट्रॅपचं चुंबकीय क्षेत्र अ‍ॅटॉमिक मॅग्नेटोमीटरने मोजलं, बर्लिनच्या शील्डेड रूममध्ये, ते निघालं जास्तीत जास्त अर्धा पिकोटेस्ला. फार सुंदर प्रयोग आहे तो, वाचच. पण पृथ्वीचं क्षेत्र त्याच्या दहा कोटी पट आहे, आणि शेतात दहा मीटरवर एक एकेरी वायर जात असेल आणि तिच्यातून एक अँपिअर करंट जात असेल तर तिचंच क्षेत्र त्या झाडाच्या चाळीस हजार पट होतं. मोटार चालू असलेल्या शेतात हे मोजणं आज तरी शक्य दिसत नाही. मूलभूत विज्ञान म्हणून करायचं असेल तर जरूर कर, मलाही त्यात काम करायला आवडेल, फक्त त्याला फूड सिक्युरिटी म्हणून जाऊ नकोस, कारण दोन वर्षांनी मुलाखतीत कोणी विचारलं की शेतकऱ्याला काय मिळालं तर तुझ्याकडे उत्तर हवं.

इथवर वाचून तुला वाटेल की ही बाई नाहीच म्हणतेय. तसं नाहीये. आता जिथे मला खरोखर दम दिसतो ते सांगते, आणि तिथे मी स्वतः काम करतेय म्हणून जरा जास्तच लिहिणार आहे.

केळी घे. जळगावकडच्या माणसाला सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक व्हायरस) म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. रोप लावून महिने झाल्यावर पानांवर पट्टे दिसायला लागतात, मग झाडं उपटून टाकायची. आता टिश्यू कल्चरची रोपं कशी तयार होतात बघ: एक मातृरोप निवडतात, त्याच्यापासून हजारो रोपं करतात. म्हणून त्या मातृरोपाची व्हायरस टेस्ट करतात, एलायझा किंवा पीसीआर, आपल्याकडे डीबीटीची (केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची) त्यासाठी सर्टिफिकेशनची व्यवस्था आहे. आता वरचा प्रश्न इथे विचार: चूक कुठे होते? नमुना म्हणजे एकच रोप, त्याचं पान, त्याचा रस. पोत्यासारखं चाळीस हजारातलं एक शोधायचं नाहीये. मोजायचं काय ते माहीत आहे, व्हायरसची यादी ठरलेली आहे. ऐकणारा आहे, कारण रोप नापास झालं तर नर्सरीवाला ते फेकून देतो, त्याचाच फायदा आहे. राहिलं काय? लागण नवीन असताना व्हायरस इतका थोडा असतो की एलायझाला दिसत नाही, पीसीआरला दिसतो पण ती लॅब दूर आणि महाग. म्हणजे इथे खरोखर डिटेक्टर कमी पडतो. आणि व्हायरसचा कण मोठा, सँडविच पद्धत चालते, तिथे हिऱ्याचं लेबल पूर्ण जोर लावू शकतं.

आणि दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. पानाचा रस स्ट्रिपवर टाकला की काय होतं? क्लोरोफिल. हिरवा लेझर मारला की क्लोरोफिल लाल चमकतं, साधारण ६८५ आणि ७४० नॅनोमीटरला, म्हणजे एनव्ही जिथे चमकतो त्या ६३७ ते ८०० च्या पट्ट्यात बरोब्बर मधोमध. कुठलाही साधा फ्लुरोसन्सवाला रीडर इथे आंधळा होतो, फिल्टर लावून सुटका नाही. पण एनव्ही ज्याला दाद देतो त्या २.८७ गिगाहर्ट्झच्या मायक्रोवेव्हचं क्लोरोफिलला काही सोयरसुतक नाही. मायक्रोवेव्ह चालू-बंद केला की फक्त एनव्हीचा प्रकाश कमी-जास्त होतो, क्लोरोफिलचा होत नाही, लॉक-इनने (ठरावीक ठेक्यावर बदलणारा सिग्नलच वेगळा काढणारं यंत्र) तेवढंच उचललं की हिरव्यागार रसातून हिऱ्याची रेघ वेगळी निघते. स्पिन आहे म्हणून हे जमतं. इथे ‘क्वांटम’ हा शब्द शोभेचा नाही, तो काढला तर मोजमापच होत नाही. तुझी पीएचडी जी काय आहे ती सगळी इथे कामाला येते.

अर्थात कटकटी आहेत आणि त्या तुला पेपरमध्ये सापडणार नाहीत म्हणून सांगते. क्लोरोफिलचा प्रकाश लॉक-इनने वजा होतो पण त्याचा शॉट नॉइज (फोटॉन मोजताना येणारा अटळ चढउतार) राहतोच, त्यामुळे रस जितका गाळून पातळ करता येईल तितका करावा लागतो, आणि पातळ केला की व्हायरसही पातळ होतो, हा तोल बसवायला महिने जातात. ओल्या स्ट्रिपवर मायक्रोवेव्ह मारला की पाणी तो खातं, स्ट्रिप गरम होते आणि सिग्नल सरकत जातो, आम्ही स्ट्रिप आधी वाळवून घेतो, आणि अँटेना कागदाला चिकटू न देता किंचित वर धरतो. नॅनोडायमंडच्या एका बॅचचं दुसरीशी पटत नाही, पृष्ठभागावर अँटिबॉडी बसवणं हे काम फिजिक्सवाल्याचं नाहीच, त्यासाठी शेजारी एक केमिस्ट लागतो जो रोज भेटेल, ईमेलवर भेटणारा नको. आणि नर्सरीतली लाईट, धूळ, तिथल्या बाईला हातमोजे घालून पिपेट धरायला मिळणारा वेळ, हे सगळं डिझाइनमध्ये घ्यावं लागतं. मला हे काम आवडतं ते यासाठीच, संध्याकाळी घरी जाताना आपण आज कोणासाठी काय केलं ते नाव घेऊन सांगता येतं.

प्रकाशाच्या बाजूने पण चांगलं काही चाललंय. लॉस अ‍ॅलामॉसच्या लोकांनी २०२४ मध्ये फोटॉनच्या जोड्या वापरून घोस्ट इमेजिंगने जिवंत पानातलं पाणी बघितलं, अतिशय मंद प्रकाशात, रोपाला धक्का न लावता, आणि पान होतं ज्वारीचं. जोडीतला इन्फ्रारेड फोटॉन पानातून जातो आणि चित्र घेतलं जातं त्याच्या दृश्य प्रकाशातल्या जोडीदाराच्या मदतीने, म्हणजे नेहमीचा महागडा इन्फ्रारेड कॅमेरा लागत नाही. दुष्काळाला टिकणारं वाण निवडणाऱ्या ब्रीडरला हे लॅबमध्ये उपयोगी पडू शकतं, कारण जास्त प्रकाश मारला की पान स्वतःच वागणूक बदलतं. शेतात नेण्याचं मात्र एवढ्यात नाही. आणि कांदाचाळीत वास घेणारा सेन्सर वगैरे कोणी क्वांटमचा करायला सांगितला तर नको म्हण, तिथे स्वस्तातला साधा गॅस सेन्सर आणि खेळती हवा यांनीच काम भागतं.

मग आता ऑफरचं. सरळ मेल लिही पीआयला, लाजू नकोस, चांगला पीआय अशा मेलने खूष होतो. नमुने कोण देणार, त्या संस्थेशी करार झालाय का नुसतं सपोर्ट लेटर आहे? तुलना कशाशी करणार, बफरमधल्या शुद्ध पदार्थाशी का खऱ्या नमुन्यावर, आणि एलायझा किंवा एलसी-एमएसचा आकडा शेजारी ठेवणार का? खऱ्या नमुन्यावर पहिलं मोजमाप कितव्या महिन्यात धरलंय? अठराव्या महिन्यात असेल तर दोन वर्षांच्या जागेत ते होणारच नाही, सगळा वेळ सेटअपमध्ये जाईल, हे मी इतक्या मुलांचं बघितलंय की डोळे मिटून सांगू शकते. बायोलॉजी किंवा शेतीवाला माणूस टीममध्ये पगारावर आहे का? या चारांपैकी तीनांची उत्तरं ठोस आली तर घे. नुसतं ‘आपण बघू’ आलं तर फिजिक्सच्या जागेची वाट बघ.

‘फिजिक्सवाले आपला मानणार नाहीत’ याबद्दल. ही भीती खरी आहे पण ती नावामुळे खरी होत नाही, पेपरांमुळे होते. दोन वर्षांत एक तरी पेपर असा हवा ज्यात मोजमापाचं फिजिक्स आहे, नॉइज कुठून येतो, मर्यादा काय, ती कशी ओलांडली. तो फिजिक्सच्या जर्नलमध्ये जाऊ दे, आणि दुसरा वापराचा, तो शेती किंवा अन्न विषयाच्या जर्नलमध्ये, जिथे ते लोक वाचतात. फक्त दुसऱ्या प्रकारचे निघाले तर गाईड म्हणतायत तेच होईल. फक्त पहिल्या प्रकारचे निघाले तर मग एवढ्यासाठी फूड सिक्युरिटीत गेलास कशाला. पीआयला पहिल्याच महिन्यात हे बोलून ठेव.

परत यायचं मनात असेल तर आत्ताची वेळ चांगली आहे. क्वांटम मिशनच्या चार हबपैकी सेन्सिंगचं हब आयआयटी मुंबईत आहे, पुण्यात आयसरमध्ये क्वांटमचं आय-हब आधीपासून आहेच, आणि दिल्लीला आयएआरआयमध्ये अ‍ॅग्रिकल्चरल फिजिक्स नावाचा स्वतंत्र विभाग आहे जो फिजिक्सवाल्यांना बहुतेक माहीतच नसतो. लुधियानाचं काढणीपश्चात तंत्रज्ञानाचं सिफेट, मैसूरचं सीएफटीआरआय, जुनागडची भुईमुगाची संस्था, यांच्यातल्या एखाद्याशी पोस्टडॉक चालू असतानाच ओळख ठेव, वर्षातून एकदा घरी येशील तेव्हा एक टॉक देऊन ये. फॅकल्टीच्या जागांना वयाच्या अटी असतात, इन्स्पायर फॅकल्टी या सरकारी फेलोशिपला सर्वसाधारण गटासाठी ३२ ची आहे, ते बघून किती वर्षं बाहेर राहायचं ते ठरव.

व्हिसा-पैशाचं घरच्या परिस्थितीवर आहे, त्यात मी काय सांगणार, कर्ज असेल, आईवडिलांचं आजारपण असेल तर हिशोब वेगळा होतो. दोन गोष्टी फक्त कोणी सांगत नाही म्हणून. तुला पुढे मेरी क्युरी फेलोशिप त्याच देशात घ्यायची असेल तर अर्जाच्या आधीच्या ३६ महिन्यांत तिथे १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेला चालत नाही, म्हणजे नोकरीवर गेलास आणि वर्ष उलटलं की त्या देशासाठी दार बंद, दुसऱ्या देशासाठी उघडं राहतं. अर्जाची तारीख सहसा सप्टेंबरात असते. आणि ऑफर जर्मनीतली असेल तर पीएचडीनंतर तात्पुरत्या करारांना साधारण सहा वर्षांची कायदेशीर मर्यादा आहे, ती पहिल्या दिवसापासून मोजतात.

घरी शेती आहे म्हणून मन ओढतंय असं लिहिलंयस आणि ते जरा अपराध्यासारखं लिहिलंयस असं मला वाटलं. ते कारण चांगलं आहे. या कामात बाहेरून येणारे हुशार लोक पुष्कळ आहेत, पण पोतं कसं भरतात, कुठला माल वर ठेवतात आणि कुठला खाली, व्यापारी नमुना कुठून काढतो, हे लहानपणापासून बघितलेला माणूस टीममध्ये असला की सहा महिने वाचतात. मुलाखतीत हे सांग, लपवू नकोस.

ऑफरबरोबर आलेलं प्रोजेक्टचं अर्ध्या-एक पानाचं वर्णन असेल तर विद्यापीठाचं आणि पीआयचं नाव काढून इथे टाक, नेमकं काय मोजायचं म्हणतायत ते बघून सांगते. पीक कुठलं, नमुना किती ग्रॅमचा आणि तुलना कशाशी, एवढं त्यात असलं तरी पुरे.